वजनकाटा, घड्याळ आणि मऊ कुकी



खाण्याच्या पदार्थाची तारीफ करायला मराठीत शब्द भरपूर आहेत. शंकरपाळी खुसखुशीत, चकली कुरकुरीत, नानकटाई तोंडात विरघळणारी. पण बिस्कीट मऊ झालं तर आपण काय म्हणतो? सादळलं. पापड मऊ झाला की वातड. कोरडा, भाजलेला पदार्थ मऊ असणं हा आपल्याकडे दोषच मानतात. त्यामुळे मऊ, चावताना किंचित ओढ देणारी कुकी आपण घरी पहिल्यांदा करायला घेतो, तेव्हा खरी अडचण आपल्या डोळ्यांची असते. कुकी तयार झालेली असते आणि आपल्याला ती कच्ची वाटते. आपण म्हणतो, राहू दे अजून दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत तिचं बिस्कीट होतं.

आजच्या बोलण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. मऊ कुकी कच्ची वाटत असतानाच ओव्हनमधून बाहेर काढायची. असं का, ते आता सांगतो. कृतीही सांगतो. कागद-पेन घेऊन बसा.

आधी हे सांगायला मी कोण, ते सांगतो. मी लष्करातून निवृत्त झालेला माणूस आहे. नोकरीत असताना जेवण लंगरमध्ये नाहीतर मेसमध्ये व्हायचं आणि सुट्टीत घरी. साठी उलटल्यावर मी बेकिंग शिकलो.

चौकीवर दिवाळीच्या आसपास डाक यायची. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात कोणी फौजेत आहे त्यांना ती डाक काय असते हे ठाऊक आहे. डबा एकाच्या नावाने येतो, पण उघडला की तो एकाचा राहत नाही. कोणाचा सांगलीचा चिवडा, कोणाच्या पंजाबातल्या पिन्न्या, कोणाचा बिहारचा ठेकुआ. ठेकुआ आठवड्याने आला तरी तसाच्या तसा, चिवड्यातले पोहे मात्र थोडे सादळलेले. तरी शेवटचा पोहा संपेपर्यंत डबा सुटायचा नाही. मी कितीतरी वर्षं असे डबे घेत आलो. ते भरणारे हात आईचे, नंतर पत्नीचे.

आता पत्नीच्या मनगटांना संधिवात आहे. चकलीचा सोऱ्या दाबणं, शंकरपाळीचं पीठ मळणं डॉक्टरांनी बंद केलं. मुलगी बंगळुरूला, नातू तिथेच शाळेत. नाताळच्या सुट्टीत त्यांना घरचा डबा जायचा, तो थांबला. विकतचा खोका पाठवता येतो, आम्ही पाठवलाही. नातवाने फोनवर विचारलं, "आजोबा, हे आजीने केलंय का?" मग प्रश्न असा होता की घरातला दुसरा धडधाकट माणूस काय करू शकतो.

पुरणपोळी करू शकत नाही. ती हाताच्या अंदाजाची गोष्ट आहे. पुरण किती कोरडं, कणीक किती सैल, हे बोटांना कळायला वीस वर्षं जातात. लाडवाचा पाक तसाच. साठीच्या नवशिक्याकडे तो अंदाज नसतो आणि आता यायला वेळही नसतो. कुकीला मात्र अंदाज लागत नाही. तिला वजनकाटा लागतो, घड्याळ लागतं आणि सांगितलेलं तसंच्या तसं करण्याची सवय लागते. ही तिन्ही माझ्याकडे होती. तुमच्याकडेही असतील. आयुष्यभर बँकेत, रेल्वेत, शाळेत, कारखान्यात काम केलेल्या माणसाला मोजमाप आणि वेळ शिकवावी लागत नाही.

गंमत म्हणजे या कुकीचा फौजेशी जुना संबंध आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या व्हिटमन गावात रूथ वेकफील्ड नावाच्या बाई टोल हाउस ही खाणावळ चालवत. चॉकलेटचे तुकडे घातलेल्या त्यांच्या कुकीची कृती १९३८ साली त्यांच्या पुस्तकात छापून आली. पुढे दुसरं महायुद्ध झालं. मॅसॅच्युसेट्सच्या सैनिकांना घरून पार्सलमध्ये या कुकी यायच्या. शेजारच्या खंदकातल्या, दुसऱ्या राज्यातल्या पोरांनी त्या खाल्ल्या आणि आपापल्या घरी कृती मागवली. कुकी देशभर पसरली ती अशी. म्हणजे आपल्या चौकीवरच्या ठेकुआचीच गोष्ट.

आता मऊपणा येतो कुठून, ते नानकटाईशी तुलना करून पाहू. नानकटाईत मैदा, तूप आणि पिठीसाखर. तुपात पाणी जवळजवळ नसतंच. पाणी नाही म्हणून मैद्यातला चिकटपणा, ज्याला ग्लूटेन म्हणतात, तो तयार होत नाही. तूप पिठाच्या कणाकणाला वेढतं आणि नानकटाई चावल्याबरोबर भुगा होते. तेच तिचं वैभव.

कुकीत तुपाऐवजी बटर. बटरमध्ये साधारण सोळा टक्के पाणी असतं. शिवाय अंडं, त्यातही पाणी. या पाण्यामुळे थोडा चिकटपणा तयार होतो आणि चावताना ओढ मिळते. तिसरी गोष्ट ब्राउन शुगर. तिच्यात मळी असते आणि मळी ओलावा धरून ठेवते. पांढरी साखर कुकी पसरवते आणि कडा कुरकुरीत करते, ब्राउन शुगर मधला भाग मऊ ठेवते. म्हणून आपण दोन्ही घेतो, ब्राउन जास्त. सादळलेल्या बिस्किटात ओलावा बाहेरच्या हवेतून शिरलेला असतो. मऊ कुकीत तो आतला असतो आणि आपण तो जाऊ दिलेला नसतो. दोन्हींच्या मऊपणात फरक आहे, खाल्लं की लगेच कळतो.

आता साहित्य. चौदा कुकींचं सांगतो.

खारं टेबल बटर १०० ग्रॅम, म्हणजे दुकानात मिळणारी एक छोटी वडी. ब्राउन शुगर १०० ग्रॅम. साधी साखर ५० ग्रॅम, मिक्सरमधून किंचित फिरवलेली. अंडं एक. व्हॅनिला इसेन्स एक छोटा चमचा. मैदा १६० ग्रॅम. खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा, तोही सपाट. डार्क चॉकलेट १२० ग्रॅम, सुरीने जाडसर तुकडे केलेलं. बटर खारं आहे म्हणून वेगळं मीठ नाही. घरचं पांढरं लोणी या कामाला घेऊ नका. त्यात ताकाचं पाणी किती राहिलंय याचा भरवसा नसतो आणि पीठ कधी सैल होतं, कधी नाही.

ब्राउन शुगर मिळाली नाही तर १०० ग्रॅम साध्या साखरेत एक मोठा चमचा काकवी चोळून घ्या आणि मैदा १० ग्रॅम वाढवा. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी काकवी म्हणून विचारलं तर दुकानदार बघत राहील. कर्नाटकात जोनी बेल्ल म्हणा, उत्तरेत राब म्हणा. बंगालात हिवाळ्यात खजुराचा झोला गूड मिळतो, त्याची चव तर अप्रतिम लागते.

वजनकाट्यावर माझा आग्रह का, ते सांगतो. वाटीने मैदा घेतला आणि दाबून भरला तर तीच वाटी पंचवीस-तीस ग्रॅम जास्त घेते. तेवढ्या मैद्याने मऊ कुकी कोरडी होते. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काही शे रुपयांत येतो. या सगळ्या कामात एवढा एकच खर्च मी आवश्यक मानतो.

आता कृती.

बटर मंद आचेवर वितळवा. वितळलं की गॅस बंद, उकळू देऊ नका, नाहीतर त्यातलं पाणी उडून जाईल आणि तेच तर आपल्याला हवंय. बटर कोमट होईपर्यंत थांबा. दोन्ही साखरा घालून एक मिनिट ढवळा. मग अंडं आणि इसेन्स, आणखी एक मिनिट. बीटर नको, हाताने फिरवायचा साधा व्हिस्क किंवा काटा पुरे. बीटरने हवा भरली जाते आणि कुकीचा केक होतो.

मैदा आणि सोडा एकत्र चाळून घ्या. ओल्या मिश्रणात घाला आणि कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच कालवा. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही. शेवटी चॉकलेट. पीठ सैल आणि चिकट दिसेल, ते तसंच असतं. वरून मैदा टाकायचा मोह आवरा. कच्चं पीठ चाखायचंही नाही, त्यात कच्चं अंडं आणि कच्चा मैदा आहे. नातवंडं आसपास असतील तर हा नियम त्यांनाही लागू.

भांडं झाकून फ्रिजमध्ये ठेवा. निदान एक तास. रात्रभर ठेवलं तर उत्तम. थंड पिठातलं बटर ओव्हनमध्ये हळू वितळतं, म्हणून कुकी कमी पसरते आणि मध्ये जाड राहते. शिवाय मैदा पाणी नीट पिऊन घेतो आणि चव मुरते. ज्यांना घाई आहे ते याच पायरीवर चुकतात.

मग चाळीस-चाळीस ग्रॅमचे गोळे. हो, हेही काट्यावर. लहानमोठे गोळे एका ताटात भाजले तर लहान करपतात आणि मोठे कच्चे राहतात. ट्रेवर बेकिंग पेपर घाला आणि दोन गोळ्यांत चार बोटं अंतर ठेवा.

ओव्हन १८० अंशांवर निदान पंधरा मिनिटं आधी तापवा. छोट्या ओटीजीत वरची-खालची दोन्ही कॉइल चालू, ट्रे मधल्या खाचेत. पंखा असलेला ओव्हन किंवा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर १७० अंश ठेवा.

आता आमच्याकडची पद्धत. मोठी तुकडी पुढे पाठवण्याआधी रेकी होते. तसं आधी एकच गोळा भाजा. दहा मिनिटांचा गजर लावा. प्रत्येक ओव्हनचा स्वभाव वेगळा असतो आणि त्यावर लिहिलेला आकडा खरा असेलच असं नाही. ही एक कुकी तुम्हाला सगळं सांगून जाते. ती पातळ पसरली तर पीठ अजून थंड करा, तरीही पसरली तर एक मोठा चमचा मैदा वाढवा. गोळा तसाच उभा राहिला तर बाकीचे भाजण्याआधी तळव्याने किंचित दाबा. थंड झाल्यावर कडक झाली तर एक मिनिट कमी करा. तेरा कुकी वाचवायला एक कुकी खर्ची पडली तर सौदा वाईट नाही, आणि ती खायलाही मिळते.

दहाव्या मिनिटाला काय दिसायला हवं? कडा स्थिर झालेल्या, फिकट सोनेरी. मधला भाग फुगलेला, फिकट. बोट लावलंत तर खळगा पडेल. तुमचं मन म्हणेल, कच्ची आहे. ट्रे बाहेर काढा. कुकीला हात लावू नका, दहा मिनिटं ती त्याच गरम ट्रेवर राहू द्या. ट्रेची उष्णता तिला भाजत राहते, मधला फुगा खाली बसतो आणि निवताना वितळलेली साखर आणि बटर घट्ट होतं. ओव्हनमध्ये असताना ती जेवढी पक्की दिसते त्याहून थंड झाल्यावर बरीच पक्की होते. हे गणित एकदा पटलं की नवशिकेपण संपलं असं समजा.

आपले श्रोते देशभर आहेत म्हणून हवेबद्दल थोडं बोलतो. मुंबई, कोची, चेन्नई, कोलकाता इथे डिसेंबरातही पीठ बाहेर ठेवलं की सैल पडतं. गोळे करून झाले की ट्रेसकट पुन्हा पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. दिल्ली, भोपाळ, नागपूरच्या थंडीत उलट. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेलं पीठ दगड होतं, ते दहा मिनिटं बाहेर ठेवून मग गोळे करा. तिथली हवा कोरडी, म्हणून कुकी निवल्याबरोबर डब्यात घाला.

आणि कोणी सिमल्याला, दार्जिलिंगला, लेहला असेल तर उंचीचा हिशेब धरा. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरशिवाय डाळ शिजत नाही हे तिथे राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. कुकीचं तिथे उलटं होतं. पाणी लवकर उडतं, सोड्याचा वायू जास्त फुगतो आणि कुकी पसरून कोरडी पडते. साखर एक मोठा चमचा कमी करा, सोडा थोडा कमी करा, मैदा एक मोठा चमचा वाढवा आणि ओव्हन पाच-दहा अंश जास्त तापवून वेळ कमी करा.

अंडं न खाणाऱ्या घरांसाठी काय? अंड्याच्या जागी दूध-दही घालून काम भागतं, पण मला मुळातच अंडं नसलेली कृती जास्त आवडते. तिचाही फौजेशी संबंध आहे. पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या सैन्याला अँझॅक म्हणत. १९१५ साली ते गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्यांच्या बरोबर हिंदुस्थानी पहाडी तोफखान्याच्या बॅटऱ्याही होत्या. त्या सैन्याच्या नावाचं बिस्कीट त्या देशांत आजही घरोघर होतं. ओट्स, खोबरं, बटर आणि उसाचा पाक, अंडं नाही, म्हणून टिकाऊ. तो पाक म्हणजे आपल्या काकवीचा भाऊच.

प्रमाण असं. ओट्स ९० ग्रॅम, मैदा ११० ग्रॅम, ब्राउन शुगर १०० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस ६० ग्रॅम. हे कोरडं एकत्र करा. बटर १०० ग्रॅम आणि काकवी दोन मोठे चमचे एकत्र वितळवा. अर्धा छोटा चमचा सोडा दोन मोठे चमचे उकळत्या पाण्यात विरघळवून त्यात घाला. मिश्रण फसफसून वर येतं, म्हणून भांडं मोठं घ्या. मग सगळं कालवून गोळे करा, चपटे दाबा आणि १६५ अंशांवर दहा ते बारा मिनिटं भाजा. कडा सोनेरी होताच काढायचे. जास्त भाजलं तर कुरकुरीत होतात, तिकडे तसेही आवडीने खातात. पण आपल्याला आज मऊ हवेत.

डबा भरताना. कुकी पूर्ण थंड झालेल्या हव्यात, कोमट भरल्या तर वाफ धरते. घट्ट झाकणाचा डबा, दोन थरांमध्ये बेकिंग पेपर. वर पावाची एक स्लाइस कागदावर ठेवा. पावातला ओलावा कुकीकडे जातो, पाव कडक होतो आणि कुकी चार-पाच दिवस मऊ राहते. रोज स्लाइस पाहा, बदला. कुरिअरने पाठवायच्या असतील तर पाव ठेवू नका, बुरशीचा धोका. अशा वेळी काकवीच्या कुकी पाठवा, त्या प्रवासात जास्त तग धरतात. पाठीला पाठ लावून दोन-दोनच्या जोड्या करा आणि डब्यात हलणार नाहीत इतका कागद भरा. पाहुणे सुट्टीत टप्प्याटप्प्याने येणार असतील तर कच्चे गोळे फ्रीझरमध्ये ठेवा. दोन महिने टिकतात. लागतील तेवढे काढून तसेच गोठलेले भाजा, दोन मिनिटं जास्त द्या.

पहिला डबा बंगळुरूला पोहोचला तेव्हा नातवाने तोच प्रश्न विचारला, आजीने केलंय का? पत्नीने फोन माझ्याकडे दिला. त्यानंतरची मागणी अक्रोड घालण्याची आहे. पत्नी आता खुर्चीवर बसून चव पाहते आणि शेरे मारते. साखर कमी करा, असा शेरा दोनदा आला. आम्ही ८० ग्रॅमपर्यंत ब्राउन शुगर उतरवून पाहिली, त्याखाली गेलं की ओढ कमी होते. म्हणून ८० वर तह झाला.

गोव्यात, वसईत, मंगळूरला नाताळच्या दिवसांत शेजाऱ्यांकडे कुस्वादाचं ताट जातं. त्यात नेवऱ्या असतात, दोदोल असतं, घरोघरचं काही खास असतं. आपल्या दिवाळीच्या फराळाचीच ती रीत. सण कोणाचाही असो, ते ताट बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या मनगटावर उभं असतं. ती मनगटं थकतात. निवृत्त माणसाकडे वेळ आहे, चष्मा लावून कृती वाचण्याइतकी दृष्टी आहे आणि घड्याळ तर आहेच. या सुट्टीत एक दुपार काढा. आदल्या रात्री पीठ करून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी भाजा. भांडीही तुम्हीच घासा, नाहीतर मदत झाली असं कोणी म्हणणार नाही.

आणि दहाव्या मिनिटाला, मन काहीही म्हणो, ट्रे बाहेर.

नमस्कार. जय हिंद.